आठ पौंड हवा

मोतीरामने लहान पुली काढून खोक्यात टाकली आणि मोठी बसवली. पट्टा ताणला, बोनेट लावलं आणि हात पुसत दारात येऊन उभा राहिला. गाडी त्याच्या मुलीची, मनालीची होती. उद्या सकाळी ती इगतपुरीजवळच्या घाटात शर्यतीला उतरणार होती, आणि तिने लहान पुली मागितली होती.

सातपूरच्या त्या गॅरेजात साध्या गाड्यांना सुपरचार्जर बसायचा. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. पुली लहान घातली की पंखा जोरात फिरतो, ताकद वाढते आणि इंजिनाचं आयुष्य घटतं. गिऱ्हाईक यायचं तेच आठ पौंड दाब मागत. मोतीराम ‘हो साहेब’ म्हणायचा आणि पाच द्यायचा. डायलचा कागद नाशिक रोडच्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून छापून आणायचा, पाचाच्या जागी आठ घातलेला. काटा आठावर गेला की गिऱ्हाइकाची छाती फुगायची. इतक्या वर्षांत त्याच्या हातचं एक इंजिन फुटलं नाही, म्हणून लोक त्याचं काम डोळे मिटून घ्यायचे. आता याला लबाडी म्हणा नाहीतर काळजी. मोतीरामच्या लेखी ती काळजीच होती, आणि त्याला झोपही छान लागायची.

मनाली त्या गॅरेजातच वाढली आणि डिप्लोमा करून तिथेच कामाला लागली. उद्या जो पहिला येईल त्याला पुण्याचा एक संघ आपल्याकडे घेणार होता. वयाची अट होती, आणि पुढच्या वर्षी ती त्यात बसत नव्हती. म्हणजे हीच एक संधी.

“अप्पा, मला आठ पौंड द्या,” ती म्हणाली होती. “इंजिन गेलं तर गेलं. घाट चढेपर्यंत टिकलं की बास.”

“बरं,” मोतीराम म्हणाला होता, आणि खरंच त्याने लहान पुली बसवली होती. दोन दिवस ती तिथे होतीही. पण शनिवारी दुपारी जेवताना त्याला कधीकाळी पाहिलेला भोक पडलेला पिस्टन आठवला. मग घाटाचं वळण आठवलं, वळणाच्या कडेची दरी आठवली. हातातला घास तसाच ठेवून तो उठला. पोरीपेक्षा शर्यत मोठी नव्हती.

त्याची बायको छाया ताट झाकून गॅरेजात आली, तेव्हा तो पट्टा चढवत होता.

“तिला सांगणार का?”

“कशाला? डायलवर आठच दिसणार आहे.”

छायाने पदराने घाम टिपला आणि ती परत गेली.

सकाळी गाडी टेम्पोतून थेट घाटाच्या पायथ्याशी गेली. मोतीराम वरच्या टोकाला, शर्यत संपते तिथे जाऊन उभा राहिला. गाड्या एकेक करून सुटत होत्या. मनालीची गाडी शेवटच्या वळणावरून वर आली. ना धूर, ना खडखड. त्याला वाटलं, आपण आयुष्यात केलेलं सगळ्यात चोख काम ते हेच.

ती दुसरी आली. जेमतेम एका सेकंदाने.

पहिल्या आलेल्या पोराचं इंजिन रेघ ओलांडताच बसलं होतं. रस्त्यावर तेल सांडलं होतं, दोघं जण गाडी ढकलत कडेला नेत होते, आणि तो पोरगा पुण्याच्या माणसांशी हात मिळवत हसत होता.

मोतीरामला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मुलगी धड वर आली होती, आणि त्या सुटकेपुढे बाकी सगळं त्याला किरकोळ होतं. त्याने बोनेटवर हात ठेवला.

“बघ, आपल्या इंजिनाला काही झालं नाही. परत नाशिकपर्यंत चालवत नेशील.”

मनालीने हेल्मेट काढलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर त्याला समजूत घालता आली असती.

“निघतानाच कळलं मला,” ती म्हणाली. “पाच पौंडांवर पंख्याची शिट्टी कशी वाजते ते लहानपणापासून ऐकतेय, अप्पा. डायलकडे बघून खूश होणाऱ्या गिऱ्हाइकांचं मला हसू यायचं.”

मोतीरामचा हात बोनेटवरून खाली आला. तिने हेल्मेट सीटवर ठेवलं आणि दार हळूच लावलं.

“तुमच्यासाठी मीही गिऱ्हाईकच, हे नव्हतं माहीत.”