झाकणावरचं कुंकू

निघताना सुनंदाबाईने लुनाच्या पेट्रोलच्या झाकणाला कुंकू लावलं आणि तापाने फणफणलेलं लेकरू पोटाशी धरून ती नवऱ्यामागे बसली. फैजपूरचा दवाखाना दोन कोसांवर; पण लुना सुरू व्हायची, केळीची एखादी बाग ओलांडायची अन् मान टाकायची. गिरधर झाकण उघडून पेट्रोल बघायचा, प्लग पुसायचा, पायडल मारून मारून रडकुंडीला यायचा. लेकराने डोळे फिरवले, तेव्हा तो गाडीलाच हात जोडून बसला. अन् दर खेपेला सुनंदाबाई कपाळावरचं कुंकू मेणासकट बोटावर घेऊन पुन्हा झाकणाला लावायची. "माय मनुदेवी, तेवढं पोचव वं!"

पोचले कसेबसे. लेकराला सलाईन लागलं. बाहेर मिस्त्रीने झाकण सुईने टोकरून गिरधरपुढे धरलं. "भाऊ, हवेचं भोक कुंकवानं बुजेल आहे. हवाच नाही, तर पेट्रोल उतरीन कसं?"

सकाळी लेकरू हसलं. "माझ्या देवीनंच पोचवलं," म्हणत सुनंदाबाईने निघताना पुन्हा कपाळावरच्या कुंकवाला बोट लावलं.

गिरधरने तिचा हात हळूच धरला. "आता हॅन्डलले लाव. देवीले तिथूनबी पोचते."