तिसऱ्याचं मत

"ताई, कपाट उघडत नाही गं," फोनवर लालसू म्हणाला. त्याच्या मांडीवर त्याची पोर मैनी तापानं कुडकुडत होती. तिचे दात वाजत होते, ते झुरीला दूर शहरातल्या कचेरीत ऐकू येत होतं.

जगभरातले मलेरियाचे अभ्यास झुरी वाची आणि यंत्रही वाची. दोघांचं मत जुळलं नाही, तर तिसरा निवाडा करी. तो तिसराही यंत्रच होता. त्यांच्या निकालावर गावोगावची औषधाची कपाटं आपोआप उघडत, आपोआप बंद होत. लालसूच्या डोंगरात मलेरिया उरला नाही, असा निकाल मागच्या पावसाळ्यात लागला आणि तिथलं कपाट बंद झालं होतं.

झुरीनं मैनीची हकिकत यंत्राला सांगितली आणि मत दिलं, "हा पुरावा धरावा."

"रक्त तपासलेलं नाही. धरू नये," यंत्र म्हणालं.

"तपासू कशानं, मेल्या? पट्ट्या त्याच कपाटात आहेत!"

"धरू नये," तिसरा म्हणाला.

"काय म्हणतात गं तुझे साहेब लोक?" लालसूनं विचारलं.

"थांब जरा. पुन्हा विचारते."

"विचार, विचार. तू तिथं आहेस म्हणून तर हिला खांद्यावर टाकून मोठ्या दवाखान्याकडे निघालो नाही."

झुरीनं पुन्हा तेच मत दिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. फोनमधलं दातांचं वाजणं हळूहळू थांबलं.

"झोप लागली बघ पोरीला," लालसू हलक्या आवाजात म्हणाला.

तिला हलवून बघ, असं सांगायला झुरीची जीभ रेटेना.