वाजवी किंमत

"हा अहवाल खोटा आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी कागद टेबलावरून परत सरकवला.

मुलीनं राग गिळला. "यात खोटं काय आहे?"

"गाडीची वाजवी किंमत कोणी ठरवली? संकेतस्थळानं. त्या संकेतस्थळाला पैसे कोण पुरवतं? गाड्या विकणारे. मग ते काय त्यांच्या पोटावर पाय देतील?"

बोलणं बिनतोड होतं. बाबांचं बोलणं नेहमीच बिनतोड असायचं, आणि तीच पंचाईत होती.

मुलगी परिचारिका होती. शहराबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात, नवजात बाळांच्या कक्षात तिला नोकरी मिळाली होती. याच कामासाठी तिनं इतकी वर्षं जिवाचं रान केलं होतं. पण पाळी पहाटेची, आणि तिकडे जाणारी पहिली बस उजाडल्यावर निघायची. जुनी का होईना, गाडी हवीच होती.

तिला गाडी चालवता येत नव्हती. बाबांनी उभा जन्म लोकांना गाडी शिकवण्यात घालवला. निम्मं शहर त्यांच्या शेजारी बसून, त्यांची बोलणी खात ब्रेक दाबायला शिकलं. घरची मुलगी तेवढी राहून गेली. गेल्या वर्षी त्यांनी "आता पुरे" म्हणत शिकवणी एकाएकी बंद केली. तरी नोकरीची बातमी आली तेव्हा तेच आधी म्हणाले होते, "गाडी घेऊ. तू शिकेपर्यंत मी सोडत जाईन."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हाच खेळ चालला होता. ती इंटरनेटवर गाडी शोधायची आणि तिच्या किमतीचा अहवाल छापून आणायची. फोनवर दाखवलेलं बाबांना चालत नसे. "त्या डबीतलं मला काही कळत नाही, कागदावर आण." मग चष्मा चढवून, कागदावरून बोट फिरवत ते खोड काढायचे.

सुरुवातीला तिला ते पटायचं. एकाच गाडीची किंमत दोन संकेतस्थळांवर वेगळी कशी? आणि ते आकडे तरी कशाचे, गाड्या विकल्या गेल्या त्या किमतीचे, की विकणाऱ्यांनी नुसत्याच तोंडाला येईल त्या मागितलेल्या? प्रश्न खरे होते. फक्त शुक्रवारपर्यंत रुग्णालयाला होकार कळवायचा होता, आणि तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

रविवारी दोघं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची निळी गाडी पाहायला गेले. बाबांनी दारांवर टिचक्या मारल्या, इंजिन सुरू करायला लावून बराच वेळ कान दिला. "आवाज गुणी आहे," ते म्हणाले. मुलीच्या जिवात जीव आला.

"एक चक्कर मारून बघा ना," बाईंनी किल्ली पुढे केली.

"नको. गुडघा धरलाय."

परतताना बसमध्ये तिनं विचारलं, "गुडघा कधीपासून दुखतोय?"

"म्हातारपणी काही ना काही दुखतंच. सगळं सांगत बसू का तुला?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्या निळ्या गाडीचा अहवाल आणला. बाबांनी बोट फिरवलं, मान हलवली. "हिला अपघात झालाय. मागच्या पानावर लिहिलंय. विषय संपला."

खोलीत जाऊन तिनं दोन्ही पानं पुन्हा पुन्हा वाचली. अपघाताचं नावसुद्धा नव्हतं. तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. आई गेल्यापासून घरात दोघंच. ती पहाटे निघून गेली की बाबा दिवसभर भिंतींशी बोलणार. त्यांना गाडी नको होती असं नाही, त्यांना तिचं जाणंच नको होतं. तेवढं सरळ सांगायचं सोडून अहवालांना नावं ठेवणं चाललं होतं.

तिनं बाहेर येऊन विचारलंच. "मी तिकडे जायला नकोय का तुम्हाला?"

"असं कोण म्हणालं?"

"मग एकही गाडी पसंत का पडत नाही?"

"फसवणारी गाडी नको, एवढंच." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "थोडं थांब. घाई कसली आहे?"

घाई कसली! तिला त्यांचा इतका राग आला की ती जेवलीच नाही.

शुक्रवारी दुपारी रुग्णालयातून फोन आला. आज कळवा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो, असं तिथला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला. तिनं कोरा कागद घेतला आणि लिहिलं: ही नोकरी मला स्वीकारता येत नाही. माझ्या वडिलांची तशी इच्छा नाही. क्षमस्व.

खाली सही केली. पत्राचा फोटो काढून रुग्णालयाला पाठवण्याआधी ते बाबांना दाखवायचं तिनं ठरवलं. आपण काय केलं ते त्यांना कळू दे. त्यांचा चेहरा पडलेला तिला बघायचा होता, आणि असं वाटल्याची लाजही वाटत होती.

बाबा टेबलापाशी बसले होते. तिनं पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"आणलास का?"

"वाचा," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा लावला, कागद जवळ ओढला. बोट पहिल्या ओळीवरून सावकाश निघालं, दुसरीवर आलं. ती त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढत नव्हती. आता थबकतील, आता वर बघतील. बोट सहीच्याही खाली गेलं आणि तिथल्या कोऱ्या जागेवर, ओळीमागून ओळ धरून, तसंच पुढे सरकत राहिलं.

"किंमत फुगवलीय," ते अखेर म्हणाले. "आणि हे शेवटी काय लिहिलंय बघ. तीन मालक झालेत या गाडीला."