भंगारातल्या प्रिंटरचे ड्रायव्हर

कुठलीही वस्तू टाकू नये, तिची वेळ येतेच, या तत्त्वावर शरच्चंद्र पाथ्रीकरांनी अख्खं आयुष्य काढलं होतं. बायकोने, नलिनीताईंनी, तीन जुने प्रिंटर भंगारात दिले, तेव्हाही त्यांनी तिन्हींचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्रॅम, कंप्यूटरमध्ये जपून ठेवले.

म्हणूनच आज नवा प्रिंटर ढिम्म हलत नव्हता. अकरा वाजता नलिनीताईंची गाण्याची परीक्षा होती आणि छापील हॉलतिकिटाशिवाय आत सोडणार नव्हते. गेल्या वर्षी त्या ऐनवेळी घाबरून घरीच राहिल्या होत्या. यंदा मात्र साडी नेसून तयार होत्या.

"अहो, हा कंप्यूटर छापायचा हुकूम सोडतोय तरी कुणाला?" त्यांनी विचारलं.

"जुन्या प्रिंटरला," पाथ्रीकर पुटपुटले.

"जो भंगारवाल्याकडे आहे?"

"ड्रायव्हर काय खायला मागतो? म्हटलं, असू दे."

नलिनीताईंनी पदर खोचला आणि फ्रीज साफ करायला बसावं तशा कंप्यूटरसमोर बसल्या. तिन्ही जुने ड्रायव्हर काढले, तुंबलेले हुकूम पुसले, नव्याचा ड्रायव्हर पुन्हा घातला. तोंडाने तोडीचे आलाप चालूच होते. पाथ्रीकर थक्क होऊन बघत राहिले. त्यांना पस्तीस वर्षांत श्रीखंडाचा एक रिकामा डबा टाकवला नव्हता, आणि ही बाई गात गात तीन ड्रायव्हर उडवत होती! गेल्या वर्षी घाबरली ती हीच का?

पाथ्रीकरांनी पुढे होऊन हॉलतिकीट छापायला सोडलं आणि प्रिंटर घरघरला. बाहेर आलेला कागद पाथ्रीकरांनी प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला.

हॉलतिकीट गेल्या वर्षीचं होतं. तेही त्यांनी जपून ठेवलं होतं.