बाबांच्या वळणावर

असं समजा, की तुम्ही शिवणयंत्राखाली, चिंध्यांच्या ढिगात बसला आहात. हलू नका. तिथून तुम्हाला टेबल दिसेल, टेबलावर तीन पांढरी पाकिटं दिसतील, आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलेली चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी. ती ताई. तुमच्या शेजारीच, गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेली तिची धाकटी बहीण. तिला घरात सगळे बटण म्हणतात. आई शिवणकाम करते आणि ही जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून.

ताईला तपासणी करायची नव्हती.

तिचे बाबा मुलांना पोहायला शिकवत. एका सकाळी पाण्यातच त्यांची शुद्ध हरपली आणि ताईनेच त्यांना ओढत काठाला आणलं. त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय एकाएकी बिघडते, असं डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. दोष जन्मापासूनचा होता, आईबापांकडून मुलांत उतरणारा. गोळ्या सुरू झाल्या. बाबा आता तलावाच्या तिकीटखिडकीत बसतात आणि सांगतात, की आयुष्यात पहिल्यांदाच आपले केस वाळलेत.

तो दोष मुलींमध्ये आहे का, ते पाहायचं होतं. प्रत्येकीने कापूस लावलेली काडी गालाच्या आतून घासायची, वाळवायची आणि आपलं नाव लिहिलेल्या पाकिटात घालून पाठवायची. एखादी काडी जमिनीवर पडली तर असू दे, म्हणून नर्सने काडीसकट एक पाकीट जास्तीचं दिलं होतं.

आईने ताईला समजावलं ते आपल्याच कामातलं उदाहरण देऊन. शरीर म्हणजे शिवलेला कपडा. तो कसा बेतायचा याचा कागद शरीराच्या कणाकणात घडी करून ठेवलेला असतो. डॉक्टर त्याला डीएनए म्हणतात. अर्धा कागद आईकडून येतो, अर्धा बाबांकडून. बाबांच्या कागदावर एक रेघ चुकली आहे. ती तुझ्याकडे आली असेल, किंवा नसेलही.

"आणि आली असेल तर?" ताईने विचारलं.

"रोज गोळी घ्यायची."

"आणि पोहणं?"

आई दातांनी दोरा तोडू लागली.

खरं तर सगळ्यांनी मनात निकाल लावूनच टाकला होता. ताई म्हणजे बाबांची छापील प्रत. नाक तेच, चाल तीच, पाण्याचं वेड तेच; शर्यतींतही उतरायची. बटण मात्र आईच्या वळणावर गेलेली; पायाला पाणी लागलं तरी किंचाळणारी. ताई तिला बादलीत तोंड घालून बुडबुडे सोडायला शिकवायची आणि चार बुडबुडे आले तरी शर्यत जिंकल्यासारख्या टाळ्या वाजवायची. बटणची तपासणी आपली नावापुरती, असं शेजारच्या काकूसुद्धा म्हणाल्या. मोठी माणसं अशी गणितं नाकावरून मांडतात. तुम्ही मांडू नका.

"मला पाण्यातून काढायचंय तर सरळ काढा ना," ताई म्हणाली. "त्यासाठी थुंकी कशाला हवी?"

पण तिने काडी घासली, पेल्यात वाळत ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन दार आपटलं. बटणनेही आपली काडी घासली. मग पाकिटं बंद करायचं काम तिने मागून घेतलं. आईला बरंच वाटलं, कारण कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळत होतं.

जेवताना बटण एकाच गालाने चावत होती. दुसरा गाल सोलवटला होता. बाबा म्हणाले, ही काडी फिरवत नाही, करपलेलं पातेलं घासते. सगळे हसले. ताईसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी.

निकाल येईपर्यंत ताईला पाण्यात उतरायची मनाई होती. ती तिकीटखिडकीत बाबांशेजारी बसून दुसऱ्यांचं पोहणं बघायची आणि कोणाचा हात चुकतोय ते पुटपुटायची. घरी आली की बटण तिच्या मागे मागे फिरायची. पोहायचा पोशाख वर ठेवू नकोस, लागणारच आहे, असं सांगायची. ताई तिला टपली मारायची आणि म्हणायची, मोठी आली डॉक्टर.

मग एके दिवशी चौघांनाही दवाखान्यात बोलावलं.

डॉक्टरीणबाईंनी आडवळणं घेतली नाहीत. दोन्ही नमुन्यांत बाबांचाच दोष सापडला होता. ताईला, आणि बटणलाही.

ताईने मान खाली घातली. बाबांनी तिचा हात हातात घेतला, आणि पोरींना द्यायला माझ्याजवळ हेच होतं का, असं काहीतरी म्हणाले. आई बटणकडे बघत राहिली. तिचं नाव तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. डॉक्टरीणबाई समजावत होत्या. वेळेवर कळलं हे फार चांगलं झालं. रोज गोळी घेतली, तर दोघी खुशाल म्हाताऱ्या होतील आणि तोवर एकमेकींशी भांडतीलही. फक्त ताईचं शर्यतीतलं पोहणं आता बंद.

बटणचा चेहरा पांढराफटक पडला होता. तपासणी कधी चुकते का, असं तिने विचारलं. दोन्ही नमुने पुन्हा तपासून पाहिलेत, असं उत्तर मिळालं.

"म्हणजे माझं पक्कं?"

"हो राणी, पक्कं. पण घाबरायचं नाही हं."

 बटणचा चेहरा हळूहळू उजळत गेला, इतका की आई खुर्चीवरून अर्धवट उठली. ती खुर्चीवरून खाली उतरली, नर्सकडे जाऊन तिने एक नवी काडी मागून घेतली, आणि ती घेऊन ताईसमोर येऊन उभी राहिली.

"आ कर," ती म्हणाली. "त्या दिवशी दोन्ही पाकिटांत माझ्याच काड्या होत्या."