पाळण्याची कडी

"काका, पाळण्याची कडी घालायची का? आत्ताच सांगा," गुणवंत मिस्त्री म्हणाले. "माल वीजकेंद्राच्या राखेचा आहे, वर त्यात ते नॅनो तंतू. पंधरा मिनिटांत स्लॅब असा घट्ट होतो, की मग देवालाही भोक पाडता यायचं नाही."

दामोदरपंतांनी खाली शिडीपाशी उभ्या सुनेकडे बघायचं टाळलं. प्रणिताचा गर्भ दोनदा टिकला नव्हता.

"नको. पंख्याची तेवढी घाला."

मिस्त्रींनी मिक्सर सुरू करायला हात वर केला.

"थांबा हो!" प्रणिता शिडी चढून वर आली. पदरात गुंडाळून आणलेली लोखंडी कडी तिने मिस्त्रींना दिली. "भिंतीपासून लांब बांधा, झोका मोठा हवा." मग हळूच म्हणाली, "आणि बाबा, दोरी तुम्ही ओढायची."