टपालपेटी एकोणीस

"चारशे अकरा!" सचिवानं जेवणाच्या टेबलावर थाप मारली. "आता फक्त एक राहिला."

शेवाळ अभ्यासकांच्या संस्थेची सभासदसूची इंटरनेटवर आणायची म्हणजे बेडूक तागडीत बसवायचं काम. निम्म्या मंडळींचे पत्ते बदललेले, उरलेल्यांची डोकी फिरलेली. पण पठ्ठ्यानं तीन महिन्यांत सगळ्यांना वठणीवर आणलं. प्रत्येकाला टपालानं पत्र, पत्रात गुप्त संकेतांक. सभासदानं तो वेबसाइटवर टाकला की नावापुढे हिरवा ठिपका.

राहिले होते 'एकोणीसवाले'. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. संस्थेत नावाला किंमतच नव्हती. शेवाळाचे तीन नमुने अचूक ओळखून पाठवले की झालात सभासद. यांचा पत्ता एवढाच: टपालपेटी एकोणीस.

आज पाच वाजता सूची खुली होणार आणि ठिपका नसलेला सभासद कायमचा गळणार. हा नियम सचिवाचाच, आणि आता तोच त्याच्या घशात अडकला होता. कारण तरुणपणी त्याच्या प्रबंधातली घोडचूक एकोणीसवाल्यांनीच दाखवून दिली होती. टाइप केलेल्या चार ओळी, कुठं बोभाटा नाही. त्या माणसामुळे त्याची पदवी वाचली होती.

"जावईबापू," सासूबाई फिरून आल्या. रोज दोनदा दीड-दीड तास फिरायच्या. गळ्यात वाचायचं भिंग. "तो नंबर कॉम्प्युटरात टाकायचा असतो, तो कसा हो—"

"आई, हजारदा सांगितलं! कुणी कितीही गोड बोललं तरी नंबर कुठं टाकायचा नाही. लुबाडतात!"

"आठवडाभर हेच ऐकतेय," म्हणून त्या पाणी प्यायला गेल्या.

पाचला दहा कमी. सचिव फोन घेऊन गॅलरीत गेला.

"अध्यक्षसाहेब, एकच दिवस द्या हो."

"नियम कुणाचा?"

"माझाच. झक मारली आणि केला! अहो, त्या माणसाचं नाव माझ्या हातून पुसलं जाणार. मला झोप लागणार नाही."

तेवढ्यात आत कॉम्प्युटरवर टिंग वाजलं. सचिव धावला. खुर्चीच्या उंच पाठीमागूनच त्यानं पडद्याकडं पाहिलं. टपालपेटी एकोणीस. हिरवा ठिपका! चारशे बारा!

"आले! साहेब, एकोणीसवाले आले! अगदी जिवंत आहेत!" तो फोनवर ओरडला आणि जागच्या जागी नाचला. पलीकडे अध्यक्षही टाळ्या पिटायला लागले. एवढा आनंद त्याला स्वतःच्या पदवीचाही झाला नव्हता. डोळे पुसत तो खुर्चीवर बसायला वळला.

खुर्चीत सासूबाई होत्या. मांडीवर उघडं पत्र, खाली त्याचीच सही.

"रागावू नका हं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात, तरी टाकला मी नंबर."